दत्ता मानेनं भर हंगामात संघ का सोडला

मंडळी, आणि मागच्या दोन रांगांत या एवढ्याशा खुर्च्यांवर अंग चोरून बसलेल्या धिप्पाड मित्रांनो,

तुम्ही आलात. फ्रांकफुर्टहून आलात, माइन्झहून आलात, दोघं तर झिंडेलफिंगेनहून पहाटे निघून आलात. सुनंदावहिनींच्या आणि गार्गीच्या वतीनं आधी तेवढं बोलून घेतो, कारण पुढं आवाज कसा राहील सांगता येत नाही.

माझं काम लिहिण्याचं. बरीच वर्षं मी इथून पुण्याच्या एका साप्ताहिकाला वार्तापत्र पाठवतो. लिहिताना खोडता येतं. बोललेलं खोडता येत नाही. त्यात मी संस्कृत शिकलेला माणूस. आमच्या लोकांना दुःखाच्या प्रसंगी मोठमोठे शब्द फार लवकर सापडतात, आणि मग त्या शब्दांच्या आड लपायला बरं वाटतं. मी असं काही सुरू केलं की दत्ता मला मधेच तोडायचा. "शास्त्रीबुवा, मराठीत बोला." तर मराठीत बोलतो.

गार्गी, दत्ताची मुलगी, मी बोलेन ते मार्टिनच्या कानात जर्मनमध्ये सांगते आहे. मार्टिन म्हणजे दत्ताच्या संघाचा ट्रेनर. तो पुढं बाकीच्यांना सांगेल. त्यामुळे मागच्या रांगा तुमच्यापेक्षा जरा उशिरा हसतील, जरा उशिरा डोळे पुसतील. त्यांना सांभाळून घ्या.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी सकाळी कारखान्यात जायला निघताना दत्ता बूट घालायला बसला आणि उठला नाही. हृदय. एक्कावन्न वय. अंत्यसंस्काराचा टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, पुढच्या गुरुवारचा मिळालाय. दत्ताला याचं काही वाटलं नसतं. या देशात टेर्मिन घेतल्याशिवाय केससुद्धा कापून मिळत नाहीत, असं तोच म्हणायचा.

मी आज त्याचे गुण सांगायला उभा राहिलेलो नाही. गुण होते, पुष्कळ होते, ते सांगणारे इथं माझ्यापेक्षा बरे लोक आहेत. मी एका गोष्टीबद्दल बोलायला उभा आहे. दत्तानं गेल्या वर्षी भर हंगामात संघ सोडला. का सोडला?

यावर आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पुष्कळ संशोधन झालेलं आहे. कुणी म्हणालं, घाबरला. ऐन लढाईत पाठ दाखवली. कुणी म्हणालं, ओंकारनं काकांना बाजूला सारलं आणि त्यांची जागा घेतली. हे दुसरं मत सोमवारनंतर पुन्हा वर आलं. "त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत हो," असं एका सुज्ञ माणसानं लिहिलं. ते सुज्ञ इथं बसलेत. मी नाव घेत नाही. पण ते ओंकारनंही वाचलं.

ओंकार देसाई. तो बघा, दाराजवळच्या खुर्चीवर. सव्वीस वर्षांचा, डार्मस्टाटला पीएचडी करतो, दत्ताच्याच संघात खेळतो. परवा त्यानं मला फोन केला. म्हणाला, "काका माझ्यामुळे बाहेर पडले. आता मीही सोडतोय. मार्टिनला उद्या कळवतो." मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. आज शनिवार आहे. उद्या त्यांचा सामना आहे. म्हणून हे आजच बोलायला हवं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबोडका, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर ढाली. एक माणूस मागं उभा राहून चेंडू फेकतो. त्याच्यासमोर पाच पहाड उभे असतात. समोरून येणाऱ्या माणसांना अडवायचं, मागच्याला हात लागू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. त्यांना लाइनमन म्हणतात. कऱ्हाडला दत्ताच्या आईंनी अभिमानानं सांगितलं, माझा मुलगा जर्मनीत लाइनमन आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, बरं झालं, आमच्या आळीत चार दिवस लाइट नाही.

तर या पाचांतला डाव्या कडेचा पहाड म्हणजे दत्ता. कऱ्हाडात तो कबड्डीत डावा कोपरा धरायचा. इथं कारखान्यात नोकरीला आला, कुणीतरी त्याला मैदानावर नेलं, मार्टिननं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डाव्या कडेला उभं केलं. तिथं तो सोळा वर्षं उभा होता. हौशी संघ हा. पगार नाही, पोस्टर नाही. आणि सोळा वर्षांत दत्तानं एकदाही चेंडू हातात घेतला नाही. लाइनमननं घ्यायचाच नसतो. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं जातं ते फक्त त्याची चूक झाली तर. मी त्याला म्हणालो होतो, "दत्ता, एवढी निष्काम सेवा आमच्या ग्रंथांतसुद्धा कुणी केलेली नाही." तो म्हणाला, "ग्रंथांत गुडघे दुखत नाहीत."

आता त्या मंगळवारचं सांगतो.

या संघाची एक रीत आहे. सामना रविवारी होतो. मंगळवारी सगळे क्लबच्या खोलीत जमतात आणि भिंतीवर सामन्याची फिल्म बघतात. जिथं काही बिघडलं तिथं मार्टिन फिल्म थांबवतो. तो नाव घेत नाही. कुणीच कुणाकडं बोट दाखवत नाही. ज्याचं चुकलं तो स्वतः उठतो आणि एकच शब्द बोलतो, "इश." मी. बस्स. मग मार्टिन म्हणतो, "गुट," ठीक, आणि फिल्म पुढं जाते. ती चूक त्या खोलीत पुन्हा कुणी काढत नाही. ही रीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार आवडली. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत आणून बघावी असंही वाटलं. पण मग सभा अकरा मिनिटांत संपेल आणि जेवण तयार नसेल.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी समोरचा एक माणूस डाव्या बाजूनं आत घुसला आणि फेलिक्सवर आदळला. फेलिक्स चेंडू फेकणारा. तो मागं आहे, बेकरीत काम करतो, गळ्याखालचं हाड मोडून सहा आठवडे त्याला पीठ मळता आलं नाही. डाव्या बाजूला शेजारी शेजारी दोघं होते. कडेला दत्ता, आतल्या अंगाला ओंकार. घुसला तो दोघांच्या मधून. कुणाच्या वाट्याचा होता? बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्या दोघांना कळतं.

मंगळवारी मार्टिननं तिथं फिल्म थांबवली. आणि ओंकार उठला. म्हणाला, "इश."

त्याची चूक नव्हती. दत्ताची होती. दत्ताचा पाय अर्धं पाऊल उशिरा पडला होता. ओंकारला ते माहीत होतं. तरी तो उठला. का उठला? ओंकार, मी सांगतो, चुकलं तर सांग. तू उठलास कारण तू सांगलीच्या घरात वाढलास. वडीलधारा माणूस चारचौघांत अपराध्यासारखा उभा राहतोय आणि आपण खुर्चीवर बसून ते बघतोय, हे तुला जमेना. तू आधी उठलास. आपल्यातला कुणीही उठला असता. आपल्या घरांतून हेच शिकवलं जातं, आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या खोलीत ते चाललं नाही.

कारण दत्ता बसून राहिला.

बुधवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. माझ्या सोफ्यावर तो बसला की दुसऱ्या कुणाला जागा उरत नसे. चहा घेतला नाही. सगळं सांगितलं. मी काय केलं? मी त्याला समजावलं. मला ते फार छान जमतं. म्हटलं, "अरे, पोरगं आदरानं उठलं. घे की तो आदर. सोळा वर्षं उभा होतास, एकदा बसलास तर काय बिघडलं?"

तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, तो उठला तेव्हा मला बरं वाटलं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय मग. बरं वाटलं, हेच सांगायला आलोय. फेलिक्स हात गळ्यात बांधून समोर बसलेला. माझ्यामुळे. दुसरा कुणीतरी माझ्यासाठी उभा. आणि मला बरं वाटतंय. आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती."

मंडळी, मी त्याला त्यावर पुन्हा समजावलं. ते काय बोललो ते मी इथं सांगत नाही. त्यात दोन सुभाषितं होती.

गुरुवारी सराव. बूट घालायच्या आधी दत्ता सगळ्यांसमोर उभा राहिला. हे मला मार्टिननं सांगितलं, कारण दत्ता स्वतःबद्दल चार वाक्यांच्या वर बोलत नसे. म्हणाला, "इश. मंगळवारी उठायला हवं होतं. आज उठतोय."

मार्टिन म्हणाला, "गुट. संपलं. कपडे बदल."

रीतीप्रमाणं ते खरंच संपलं होतं. पण दत्तानं बॅगेतून जर्सी काढली आणि बाकावर ठेवली. धुऊन, इस्त्री करून आणलेली. मग त्यानं विचारलं, "माझा पाय तीन सामने उशिरा पडतोय. मला ठाऊक आहे. तुम्हाला फिल्ममध्ये दिसत नव्हतं?"

जो तो आपापल्या बॅगेत काहीतरी शोधू लागला.

"दिसत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

शेवटी संघातला एकजण पुटपुटला, "दू बिस्ट दत्ता." अरे, तू दत्ता आहेस.

"गेनाऊ," दत्ता म्हणाला. अगदी बरोबर. "तेच."

म्हणजे बघा. जर्मन माणसं ही. लिफ्टमध्ये भेटली तर तुमचा कोट उसवलाय असं पहिल्या मजल्यावरच सांगतील. त्यांनासुद्धा सोळा वर्षांत दत्ताच्या बाबतीत आपली सवय लागली. बोलायचं नाही, मोठा माणूस आहे. आणि या खेळात ज्याचा पाय चुकतो त्याचं हाड मोडत नाही. मागच्याचं मोडतं. दत्ता म्हणाला, "ज्याला खरं सांगायला लोक कचरतात, त्यानं त्या जागेवर उभं राहायचं नाही." कारखान्यात तो ब्रेक तपासायचा. ब्रेक चांगला आहे असं सगळ्यांना वाटतं म्हणून त्यानं कधी कागदावर सही केली नाही. स्वतःच्या बाबतीत तरी कशी करणार?

त्या वेळी पाच सामने बाकी होते. दोन लाइनमन आधीच जायबंदी. मार्टिन दत्ताच्या घरी आला. स्वतः केलेला चेरीचा केक घेऊन आला. मी तिथं होतो. माझ्या स्वभावाप्रमाणं मी केकच्या बाजूला बसलो. वहिनींनी पोहे केले होते. मार्टिन तासभर बोलला. संघ खालच्या गटात जाईल म्हणाला. दत्ता ऐकत होता आणि त्याला पोहे वाढत होता.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अहो, पाचच तर सामने राहिलेत. एवढे काढा ना."

दत्ता म्हणाला, "सुनंदा, सोळा वर्षं तू म्हणतेस सोडा. आता सोडलं तर म्हणतेस काढा."

"तेव्हा तुम्ही ऐकत नव्हता. आता तरी कुठं ऐकताय?"

मार्टिननं मला विचारलं, काय म्हणाली? मी भाषांतर केलं. तो म्हणाला, माझी बायकोही अगदी असंच बोलते. हसलो सगळे. पण दत्ता हलला नाही. संघ खालच्या गटात गेला. शेवटच्या सामन्याला दत्ता कुंपणापाशी उभा होता. काहीजण त्याच्याशी बोलले नाहीत. ते आज इथं आहेत, आणि ते कधीचं मिटलंय, हे मला माहीत आहे. पण त्याला काहीच सोसावं लागलं नाही असं कुणी समजू नये. तो संघ त्याचा होता. तो बुडताना त्यानं बघितला, आणि आपण हात दिला असता तर वाचला असता हेही त्याला माहीत होतं. त्याला हेही माहीत होतं की कदाचित आणखी एक हाड मोडलं असतं.

आता ओंकार, तुझ्याबद्दल. मघापासून तू जमिनीकडं बघतोयस. बघ. ऐकू येतंय तेवढं पुरे.

दत्तानं संघ सोडला त्याच आठवड्यात ओंकारला फोन केला. "रविवारी सकाळी ये. फर्निचरच्या दुकानामागं." रविवारी दुकान बंद, गाड्यांची जागा मोकळी. तिथं दत्ता त्याला डाव्या कडेचं काम शिकवू लागला. पाय कुठं, हात कुठं, नजर कुठं. आणि एक अट. "इथं मला काका म्हणायचं नाही. दत्ता म्हणायचं. अरेतुरे करायचं. मी चुकलो की तिथल्या तिथं सांगायचं."

पहिल्या रविवारी मी बघायला गेलो होतो. थर्मासमधून चहा नेला होता, तेवढाच माझा व्यायाम. दत्ता मुद्दाम पाय उशिरा टाकायचा आणि थांबायचा. ओंकार लालबुंद.

"बोल."

"काका, ते जरा..."

"परत. पहिल्यापासून."

"दत्ता... काका..."

"परत."

"तुमचा पाय..."

"तुमचा? इथं किती जण आहेत?"

दोन रविवार असे गेले. पीएचडी करणारा मुलगा, तीन भाषा येतात, आणि एका माणसाला 'तू' म्हणता येईना. तिसऱ्या रविवारी दत्तानं पाय चुकवला आणि ओंकार एकदम ओरडला, "अरे दत्ता, झोपलास का तू?"

पलीकडं कुत्रा फिरवणाऱ्या आजीबाई थबकल्या. आणि दत्ता? तो एवढा खूश झाला की त्यानं ओंकारला उचललंच. त्या संध्याकाळी मला फोन. "शास्त्रीबुवा, झोपलास का म्हणाला मला! झोपलास का!" घरात बाळ जन्मल्यासारखं सांगत होता. आणि गंमत ऐका, तिसऱ्या रविवारी त्यानं पाय मुद्दाम चुकवला नव्हता. खरोखर चुकला होता. ते त्यानं मलाच सांगितलं. ओंकारला आज पहिल्यांदा कळतंय.

म्हणून सांगतो. ओंकारनं दत्ताला बाजूला सारलं, हे खोटं आहे. दत्ता त्या धक्क्यातून सावरला नाही, हेही खोटं. गेलं वर्षभर प्रत्येक रविवारी सकाळी तो त्या मोकळ्या जागेत होता, आणि मी त्याला इतका मजेत आधी पाहिला नव्हता. ज्यांनी वेगळं लिहिलं त्यांनी ते आज घरी जाऊन काढून टाकावं. मी उद्या बघणार आहे.

आणि ओंकार, तू म्हणतोस, काकांनी सोडलं, मीही सोडतो. हे दोन्ही सारखं नाही. दत्तानं सोडलं कारण त्याचा पाय उशिरा पडत होता. तुझा पडतो का? मार्टिन, पडतो का? मार्टिन मान हलवतोय. नाही. तुझ्या मनाला वाटतंय की तू दोषी आहेस, म्हणून तू जर्सी परत करणार. म्हणजे पुन्हा तू दुसऱ्याच्या चुकीसाठी उठतोयस. त्याला हेच नको होतं. यासाठी त्या माणसानं सोळा वर्षांची जागा सोडली रे.

हे सगळं मी काल वहिनींना वाचून दाखवलं. परवानगी मागितली. मग त्यांनी मला एक निरोप दिला. तो जसाच्या तसा सांगतो.

सोळा वर्षांत वहिनी एकाही सामन्याला गेल्या नाहीत. नवऱ्यावर माणसं येऊन आदळतात हे त्यांच्यानं बघवत नव्हतं. डबा द्यायच्या, घरी थांबायच्या, तो दारात दिसेपर्यंत टीव्हीचा आवाज मोठा ठेवायच्या. वहिनी म्हणाल्या, "ओंकारला सांगा, उद्या दोन वाजता मी मैदानावर येणार आहे. गार्गी मला खेळ समजावून सांगेल. त्याचा पाय चुकला तर मी ओरडेन. मराठीत ओरडेन. त्यानं वाईट वाटून घ्यायचं नाही."

ओंकार, आज तू मला उत्तर देऊ नकोस. इथं हो म्हणणं सोपं आहे, सगळे बघतायत. उद्या दोन वाजता डाव्या कडेला कोण उभा आहे ते वहिनी बघतील.

आता माझं एक राहिलंय.

दत्ता, त्या बुधवारी तू माझ्याकडे आलास ते खरं ऐकायला आलास. मी तुला धीर दिला, कौतुक केलं, श्लोक ऐकवले. तुला हवं होतं ते एक वाक्य मी बोललो नाही. तू आपला म्हणून बोललो नाही. आज बोलतो. दत्ता, त्या मंगळवारी तू चुकलास. बसायला नको होतं.

हे बोलल्यावरच मला तुला नमस्कार करता येतो. तो घे.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही.